गास्प्रा नावाचा दगड



मागच्या वेळी पाणी गाळण्याबद्दल लिहिलं होतं. आजचा विषय जरा लांबचा आहे, मंगळाच्याही पलीकडचा. गास्प्रा नावाच्या एका दगडाबद्दल लिहिणार आहे. तुम्ही म्हणाल, काकूंना हे आता काय सुचलं? पण या दगडावरून आमच्या घरात गेले दोन महिने जे बोलणं चाललंय, ते तुमच्याही घरात आज ना उद्या निघणार आहे. म्हणून लिहिते.

आधी दगडाची ओळख करून देते. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या जागेत लाखो लहानमोठे खडक सूर्याभोवती फिरत असतात. त्याला लघुग्रहांचा पट्टा म्हणतात. चित्रांत तिथे नुसती दाटी दाखवतात, पण खरं तर जागा इतकी मोकळी आहे की यानं कुठेही न आपटता त्यातून निघून जातात. सगळा पट्टा गोळा करून तराजूत टाकला तरी आपल्या चंद्राच्या विसाव्या हिश्श्याइतकंही वजन भरणार नाही. या पट्ट्याच्या आतल्या, म्हणजे सूर्याकडच्या बाजूला गास्प्रा आहे. यादीतला त्याचा क्रमांक ९५१. लांबी साधारण १८ किलोमीटर, रुंदी साडेदहा, जाडी नऊच्या आसपास. म्हणजे रुंदीला सांगली-मिरजेइतका आणि लांबीला त्याच्या पावणेदोनपट. जात दगडी. आपल्या डोंगरांतल्या खडकांत असतात त्यांतलीच काही खनिजं, वर थोडं लोखंड आणि निकेल. वर्णन करणारे सगळे त्याला बटाट्याची उपमा देतात. आमच्या घरात बटाटा येत नाही, म्हणून मी नातीला म्हटलं, आपण आंब्याची कोय म्हणू.

हा दगड सात तासांत स्वतःभोवती एक फेरी मारतो आणि सूर्याभोवती फिरायला सव्वातीन वर्षांहून थोडा जास्त वेळ घेतो. त्या हिशेबाने मी आत्ता विशीत आहे. नातीने लगेच दुसरा हिशेब काढला. आपल्या एका दिवसात तिथे सूर्य तीन-चारदा मावळणार. "आजी, तुझं सूर्यास्ताआधीचं जेवण किती वेळा आणि किती घाईत उरकावं लागेल!" खूप हसलो.

पण हे हसणं नंतरचं. सुरुवात वेगळी झाली होती.

नात सातवीत आहे. शाळेत सूर्यमालेवर प्रकल्प होता, त्यात तिने लघुग्रह निवडले. आणि दर रविवारी ती मंदिरातल्या पाठशाळेत जाते. तिथे भिंतीवर मध्यलोकाचा रंगीत नकाशा आहे. मधोमध जंबूद्वीप, त्यात मेरू पर्वत, भोवती लवणसमुद्र, मग धातकीखंड, असा एकात एक वलयांचा. सूर्य, चंद्र, ग्रह, नक्षत्रं आणि प्रकीर्णक तारे मेरूला प्रदक्षिणा घालतात, हे आपण सगळ्यांनी लहानपणी पाठ केलंय. एका संध्याकाळी तिने मला विचारलं, "पाठशाळेच्या नकाशात गास्प्रा कुठे दाखवायचा?" मी म्हटलं, त्या नकाशात तो नाही. त्यावर ती म्हणाली, "मग मी रविवारी जाणार नाही. शाळेत एक उत्तर लिहायचं आणि पाठशाळेत दुसरं. मला खोटं बोलल्यासारखं वाटतं."

मैत्रिणींनो, सत्य हे आपल्या पाच अणुव्रतांतलं एक. बारा वर्षांची मुलगी सत्यासाठी पाठशाळा सोडायला निघाली होती. तिला रागवायचं तरी कशावर?

घरात प्रत्येकाचं मत वेगळं. मुलगा म्हणाला, जाऊ दे, मोठी झाली की येईल आपोआप. सूनबाईला काळजी, की एकदा सुटलं ते सुटलंच. वन्सं म्हणाल्या, शास्त्रात सगळं आधीच लिहिलेलं आहे, प्रकीर्णक तारे म्हणजेच हे लघुग्रह, तिला तसं सांगून टाक. आमच्या ह्यांनी पेपरातून डोकं वर काढलं नाही, पण नंतर मला हळूच म्हणाले, "तिला पटेल तेच सांग, आणि तुला पटत असेल तेच सांग." दोन्ही एकदम जमवणं किती अवघड आहे ते त्यांना काय माहीत.

वन्संचं उत्तर मला पटलं नाही. प्रकीर्णक म्हणजे विखुरलेले, शब्द छान जुळतो. पण शास्त्रात त्यांना ज्योतिषी देवांची विमानं म्हटलंय. गास्प्रा हा खड्डे पडलेला दगड आहे, त्याचे फोटो आहेत. शब्द जुळला म्हणून जमाखर्च जुळत नाही, एवढं बी. कॉम. झालेल्या बाईला कळतं. आज एक जुळवलं की उद्या दुसरं जुळवावं लागतं, आणि मूल मोठं झालं की सगळी बेरीज खोडून टाकतं.

म्हणून मी तिला म्हटलं, आधी आपण दोघी या दगडाची पूर्ण माहिती काढू. मग बोलू.

१९१६ सालच्या जुलै महिन्यात ग्रिगोरी नेउयमिन नावाच्या रशियन खगोलशास्त्रज्ञाने क्रिमियातल्या सिमेईझच्या वेधशाळेतून हा लघुग्रह शोधला. नाव दिलं गास्प्रा. हे काळ्या समुद्राच्या काठचं हवापालटाचं गाव. नंतर या दगडावरच्या खड्ड्यांनाही जगभरच्या आरोग्यस्थळांची आणि गरम पाण्याच्या झऱ्यांची नावं दिली गेली. बाथ, बाडेन-बाडेन, याल्टा, रोटोरुआ, आणि त्यांत आपलं हिमाचलातलं मणिकरणसुद्धा आहे. ते वाचून नात खुर्चीतून उठूनच उभी राहिली.

मी मात्र गास्प्रा गावाच्या नावाशी थांबले. कारण तिथे लिओ टॉलस्टॉय राहिले होते. १९०१च्या सप्टेंबरमध्ये आजारी अवस्थेत ते तिथे आले आणि पुढच्या वर्षीच्या जूनपर्यंत राहिले. न्यूमोनिया झाला, मग टायफॉइड. वाचतील असं कुणाला वाटत नव्हतं. चेकॉव्ह आणि गॉर्की त्यांना भेटायला येत. त्याच वर्षी फेब्रुवारीत रशियातल्या चर्चने त्यांना धर्मबाह्य ठरवलं होतं. आणि अशा वेळी, त्या आजारपणात, गास्प्राला बसून त्यांनी निबंध कशावर लिहिला, तर धर्म म्हणजे काय आणि त्याचं सार कशात आहे यावर. कर्मकांड आणि चमत्कार बाजूला ठेवून, माणसाचं अनंताशी नातं काय आणि त्या नात्याला धरून त्याने वागावं कसं, यात त्यांनी धर्म पाहिला. टॉलस्टॉय तेव्हा सत्तरी ओलांडलेले होते आणि मांसाहार त्यांनी केव्हाच सोडला होता.

इथून धागा सरळ आपल्या घरापर्यंत येतो. गांधीजींनी आत्मकथेत आपल्यावर खोल ठसा उमटवणाऱ्या तीन आधुनिकांची नावं सांगितली आहेत. प्रत्यक्ष सहवासातून रायचंदभाई, आणि पुस्तकांतून टॉलस्टॉय आणि रस्किन. रायचंदभाई म्हणजे श्रीमद् राजचंद्र. मुंबईत हिरे-मोत्यांचा व्यापार करणारे आणि पेढीवरचं काम संपलं की धर्मग्रंथ उघडणारे. १८९४ साली गांधीजी दक्षिण आफ्रिकेत होते. धर्माबद्दल मनात गोंधळ होता. त्यांनी राजचंद्रांना पत्रातून सत्तावीस प्रश्न पाठवले. आत्मा म्हणजे काय, ईश्वर म्हणजे काय, मोक्ष म्हणजे काय, असे. राजचंद्र तेव्हा सत्तावीस वर्षांचेही नव्हते. असे प्रश्न विचारायचे नसतात असं ते म्हणाले नाहीत. एकेका प्रश्नाला उत्तर लिहून पाठवलं. १९०१च्या एप्रिलमध्ये, अवघ्या तेहतिसाव्या वर्षी ते गेले. टॉलस्टॉय गास्प्राला पोचले ते त्यानंतर पाच महिन्यांनी. पुढे १९१० साली जोहान्सबर्गजवळ गांधीजींच्या सत्याग्रहींच्या वसाहतीला टॉलस्टॉयचं नाव दिलं गेलं.

नातीला मी हे सांगितलं तेव्हा तिने विचारलं, "सत्तावीस प्रश्न? एकदम?" मी म्हटलं, हो, आणि उत्तर यायला किती दिवस लागले असतील ते बोटीच्या टपालाने मोज.

तिच्या प्रकल्पात अवकाशयानाचा भाग मोठा होता. गॅलिलिओ नावाचं यान ऑक्टोबर १९८९मध्ये गुरूकडे निघालं. वाटेत २९ ऑक्टोबर १९९१ रोजी ते गास्प्राच्या बाजूने गेलं, सुमारे १६०० किलोमीटर अंतरावरून, सेकंदाला आठ किलोमीटर वेगाने. एखाद्या लघुग्रहाला माणसाच्या यानाने जवळून पाहण्याची ही पहिलीच वेळ.

पण त्याआधी एप्रिलमध्ये एक घोटाळा झाला होता. यानाची मोठी अँटेना छत्रीसारखी मिटवून ठेवलेली होती. जवळजवळ पावणेपाच मीटर व्यासाची, अठरा काड्यांची. ती उघडायचा हुकूम दिला, तर काही काड्या अडकल्या आणि छत्री अर्धवटच उघडली. १९८६ साली चॅलेंजरचा अपघात झाल्यामुळे यानाचं उड्डाण काही वर्षं लांबलं होतं. तेवढ्या काळात ते कॅलिफोर्निया आणि फ्लोरिडाच्या दरम्यान ट्रकमधून ने-आण झालं, बराच काळ पडून राहिलं, आणि त्या धक्क्यांत काड्यांचं वंगण झिजून गेलं असावं, असं तज्ज्ञांनी ठरवलं. हे वाचून मला कौतुक वाटलं. माळ्यावर वर्षभर पडलेली छत्री पहिल्या पावसात उघडत नाही, ते काय वेगळं असतं? त्यांनीही आपल्यासारखेच उपाय केले. यान उन्हाकडे वळवलं, सावलीकडे वळवलं, मोटरीने ठोके देऊन पाहिले. छत्री शेवटपर्यंत उघडली नाही.

मग उरली छोटी अँटेना. तिचा वेग त्या वेळी सेकंदाला अवघा ४० बिट. इथे मी पदर खोचला आणि हिशेब मांडला. कॅमेऱ्याचं एक चित्र ८०० गुणिले ८०० ठिपक्यांचं, म्हणजे ६,४०,००० ठिपके. प्रत्येक ठिपक्याला ८ बिट, म्हणजे ५१,२०,००० बिट. भागिले ४०. उत्तर १,२८,००० सेकंद, म्हणजे साडेपस्तीस तास. एका फोटोला! त्यांनी चित्रं यानातल्या फितीवर साठवून ठेवली. नोव्हेंबरमध्ये थोडी थोडी करून पहिली उतरवली आणि बाकीची १९९२ साली. जेवढी वाट मिळाली तेवढ्यातून जे खरोखर हवं तेवढंच निवडून पाठवायचं. परिग्रहाचं परिमाण आपण घेतो ते याच विचाराने, हे मी नातीला म्हटलं नाही. तिला ते आपोआप दिसलं असेल तर दिसलं.

त्या चित्रांत काय दिसलं? शंभर ते पाचशे मीटरचे सहाशेहून जास्त लहान खड्डे. पृष्ठभागावर लांबट खाचा. आणि एकंदर आकारावरून एवढं स्पष्ट, की हा कुठल्या तरी मोठ्या दगडाचा तुकडा आहे. एक मोठा खडक टक्कर होऊन फुटला, त्याचे तुकडे साधारण सारख्याच कक्षांतून फिरत राहिले. अशा तुकड्यांच्या समूहाला शास्त्रज्ञ कुटुंब म्हणतात. गास्प्रा फ्लोरा नावाच्या कुटुंबातला.

इथे मला तत्त्वार्थसूत्राचा पाचवा अध्याय आठवला. पुद्गल म्हणजे जे भरतं आणि गळतं, एकत्र येतं आणि सुटतं. स्कंध बनतात ते भेदाने आणि संघाताने, म्हणजे फुटण्याने आणि जुळण्याने. हे मी नातीला सांगितलं, पण सांगताना एक गोष्ट स्पष्ट केली. आचार्यांनी गास्प्रा पाहिला होता असं मी म्हणत नाही. वस्तूकडे कसं पाहावं हे त्यांनी सांगितलं, आणि त्या नजरेने गास्प्राकडे पाहिलं तर तो परका वाटत नाही. एवढंच.

मग तिने तो प्रश्न विचारला ज्याची मी वाट पाहत होते. "आजी, गास्प्रात जीव आहे का? तू तर म्हणतेस दगडमातीतही जीव असतो."

मी तिला आपल्या शास्त्रातले चार शब्द समजावले. पृथ्वी हा सामान्य शब्द. पृथ्वीकायिक म्हणजे माती-दगड हेच ज्याचं शरीर आहे असा एकेंद्रिय जीव. पृथ्वीकाय म्हणजे जीव निघून गेल्यावर मागे उरलेलं शरीर. आणि पृथ्वीजीव म्हणजे असं शरीर घ्यायला निघालेला, वाटेतला जीव. आपला पाटा-वरवंटा पृथ्वीकाय आहे. कुंभोजच्या बाहुबलींची अठ्ठावीस फुटी मूर्ती ज्या संगमरवराची आहे, तोही. आणि शाळेच्या पुस्तकातला जीव म्हणजे पेशी, वाढ, श्वसन. त्या अर्थाने गास्प्रावर काही जगत नाही, तिथे ना हवा ना पाणी. एकाच शब्दाच्या दोन व्याख्या आहेत. परीक्षेत कुठली लिहायची ते प्रश्नावर ठरतं. यात खोटं काही नाही. वाण्याकडचा "शेर" आणि बाजारातला "शेअर" यांचा हिशेब एका पानावर करत नाही, तसं.

पण नकाशाचं तसं नाही, हेही मी तिला सांगितलं. तिथे शब्दाचा खेळ चालणार नाही. पुष्कळ जण अशा वेळी अनेकांतवाद पुढे करतात, की हेही खरं आणि तेही खरं. अनेकांत इतका स्वस्त नाही. कुठल्या अपेक्षेने, कुठल्या नयाने बोलतोय ते आधी सांगावं लागतं. सूर्य कुठे आहे आणि गास्प्रा कुठे आहे हे मोजायचं असेल तर दुर्बीण आणि गणित मानायचं. त्यात मला शंका नाही, आणि तिने शाळेत तेच लिहावं. पाठशाळेतल्या नकाशाकडे मी पाहते ती वेगळं शोधायला. आपण जिथे आहोत ते ठिकाण केवढं छोटं आहे, भोवती केवढं अफाट पसरलंय, आणि तरी मनुष्यजन्म या एवढ्याशा भागातच मिळतो, तो वाया घालवू नये. माझ्या सासूबाई तो नकाशा प्रत्यक्ष भूगोल म्हणून मानत होत्या. मी तसा मानत नाही. पाणी आम्ही दोघींनीही सारख्याच काळजीने गाळलं. माझी श्रद्धा ज्या खुंटीला टांगलेली आहे ती मेरूची उंची नव्हे. हिंसा केली की दुसऱ्याला दुखतं आणि आपला आत्मा मळतो, हे खरं असायला सूर्य कुणाभोवती फिरतो याने काही फरक पडत नाही.

वन्संना हे आवडलं नाही. त्या दोन दिवस अबोला धरून होत्या. म्हणाल्या, एक वीट काढलीस की भिंत पडते. त्यांची भीती मला समजते. पण मुलीने स्वतःच ती वीट हलताना पाहिलीय, तिच्यापासून काय लपवायचं?

आता शेवटचा भाग, जो नातीने मला सांगितला, मी तिला नाही. गॅलिलिओ यान १९९५ साली गुरूला पोचलं आणि पुढे जवळजवळ आठ वर्षं काम करत राहिलं. तीच अडकलेली छत्री घेऊन. गुरूचा युरोपा नावाचा चंद्र आहे. त्याच्या बर्फाखाली पाण्याचा समुद्र असावा, असे भक्कम पुरावे या यानाने दिले. इंधन संपत आलं तेव्हा प्रश्न पडला. यान असंच सोडून दिलं आणि कधीकाळी युरोपावर आदळलं, तर? पृथ्वीवरून त्याला चिकटून गेलेले सूक्ष्म जंतू तिथे पोचतील आणि तिथे काही जगत असेल तर त्याला धोका होईल. म्हणून २१ सप्टेंबर २००३ रोजी त्यांनी ते यान मुद्दाम गुरूच्या वातावरणात शिरवलं आणि नष्ट होऊ दिलं. युरोपावर जीव आहे असं कुणी सिद्ध केलेलं नव्हतं. असेल, एवढ्या शक्यतेवर चौदा वर्षं चाललेल्या यानाची वाट वळवली. त्यात त्यांचा शास्त्रीय हेतूही होता, पुढचं संशोधन भेसळ न होता व्हावं हा. तरीही.

नात म्हणाली, "आजी, हे तू पाण्याला फडकं लावतेस तसंच झालं. दिसत नाही, पण असेल म्हणून."

मी उत्तर दिलं नाही. डाळीला फोडणी द्यायची होती.

सध्याची स्थिती अशी. तिने वहीत प्रश्न लिहायला घेतलेत, आज सकाळपर्यंत अकरा झाले. सत्तावीस करायचे म्हणते. त्यातला चौथा प्रश्न मला फार आवडला. यान गुरूत पाडलं तेव्हा गुरूवर कुणी असेल तर, हे कुणी विचारलं का? ही वही ती पाठशाळेच्या ताईंना देणार आहे. ताई काय म्हणतात त्यावर ती पुढे जायचं की नाही ते ठरवणार. मी ताईंना फोन करून ठेवला नाही. सूनबाईने सुचवलं होतं, पण मला ते बरं वाटलं नाही. उत्तर ताईंचं स्वतःचं असू दे.

पाठशाळा चालवणाऱ्या माझ्या वाचक भगिनींना एकच विनंती. अशी वही तुमच्यासमोर आली तर ती बंद करू नका. येत नसेल त्या प्रश्नापुढे जागा कोरी ठेवा, पण वही परत देताना पुढची पानं शिल्लक आहेत का ते पाहा.

तुमच्या घरातल्या मुलांनी काय विचारलं आणि तुम्ही काय सांगितलं, ते जरूर लिहून कळवा. पुढच्या वेळी पर्युषणातल्या एकाशनाला पोटभरीचं काय करावं ते लिहीन, बऱ्याच जणींनी विचारलंय.

जय जिनेंद्र.